जहाजांच्या पोटातील पाणी

माल उतरवून रिकामे झालेले जहाज भरलेल्या जहाजापेक्षा अधिक धोक्यात असते, ही गोष्ट समुद्राशी परिचय नसलेल्या माणसाला प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु खलाशांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हलके झालेले जहाज पाण्यावर उंच उचलले जाते. वाऱ्याच्या माऱ्याला त्याची मोठी बाजू उघडी पडते. लाटांवर ते वेडेवाकडे डोलू लागते. आणि ते यंत्रावर चालणारे असेल तर त्याचा पंखा व सुकाणू अर्धवट पाण्याबाहेर येऊन त्याच्यावरील ताबा सुटतो. म्हणून रिकाम्या जहाजाच्या तळाशी काही तरी वजन घालूनच त्याला परतीच्या प्रवासाला धाडावे लागते. या वजनाला जुन्या कोशांत ‘नीरम’ असा शब्द सापडतो. आज गोदीत आणि जहाजावर सर्वत्र ‘बॅलास्ट’ हाच शब्द चालतो. शिडाच्या जहाजांच्या काळी हे वजन दगडांचे, वाळूचे किंवा मातीचे असे. आज ते पाण्याचे असते. दगडाच्या जागी पाणी आले, ही घटना नौकानयनाच्या इतिहासात सोय म्हणून नोंदली गेली आहे. त्या सोयीची किंमत किती मोठी होती हे कळावयास मात्र शतकाहून अधिक काळ जावा लागला.

दगडामातीच्या बॅलास्टची व्यवस्था मोठी खर्चाची आणि कष्टाची होती. इंग्लंडच्या ईशान्येकडील टाईन नदीच्या मुखाजवळून कोळसा भरून जहाजे लंडनला येत आणि रिकामी परत जात. परत जाताना टेम्स नदीच्या पात्रातील वाळू व खडी त्यांना विकत घ्यावी लागे. हा व्यवहार इतका मोठा होता, की टेम्समधून बॅलास्ट काढून पुरविण्याचा हक्क १५९४ पासून ‘ट्रिनिटी हाऊस’ या नाविकांच्या जुन्या संस्थेकडे होता. टाईनच्या काठी पोचल्यावर हीच वाळू मजुरांकरवी उपसून बाहेर टाकावी लागे, आणि अशा रीतीने त्या काठावर परक्या वाळूच्या टेकड्या उभ्या राहिल्या. या टेकड्यांवर काही वेगळीच झाडेझुडपे उगवतात, हे वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लवकरच ध्यानी आले. न्यूयॉर्क शहरात अ‍ॅडिसन ब्राउन या वनस्पतींच्या अभ्यासकाने १८७९ च्या सुमारास बंदरालगतच्या बॅलास्टच्या भरावावर फिरून तेथे उगवलेल्या परदेशी वनस्पतींच्या याद्या प्रसिद्ध केल्या. दगडामातीबरोबर बीज येते, हे तेव्हा कोणालाही चालत जाऊन पाहता येत होते. ढीग डोळ्यांसमोर होता आणि त्यावर उगवलेले रोप हाताने उपटता येत होते.

१८५२ च्या जून महिन्यात टाईनकाठी जॅरो येथे चार्ल्स पामर याच्या कारखान्यातून ‘जॉन बोव्ज’ नावाचे लोखंडी आगबोटीचे धूड पाण्यात उतरले. रेल्वेने येणारा कोळसा लंडनच्या बाजारात स्वस्त पडू लागला होता, आणि त्याच्याशी टक्कर द्यावयाची तर जहाजाच्या प्रत्येक फेरीतील वेळ वाचविणे अवश्य होते. पामरच्या जहाजाने हा वेळ दोन प्रकारे वाचविला. वाऱ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही, हा पहिला प्रकार. दुसरा असा, की परतीच्या वाटेवर दगडवाळूऐवजी त्यात पाणी भरण्याची सोय होती. पाणी विकत घ्यावे लागत नाही, ते भरावयास मजूर लागत नाहीत, आणि बंदर जवळ येताच ते पंपाने पुन्हा समुद्रात सोडून देता येते. दोन शिडाच्या जहाजांना जे काम करावयास महिना लागे ते या आगबोटीने पाच दिवसांत केले, असे पामर पुढे अभिमानाने सांगत असे. हळूहळू जहाजांचे तळ दुहेरी बांधले जाऊ लागले, त्यांत टाक्या आल्या, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी दगडाचा बॅलास्ट बहुतेक नामशेष झाला. या प्रगतीत कोणाचेही नुकसान दिसत नव्हते. समुद्राचे पाणी समुद्रातून घेतले आणि समुद्रालाच परत दिले, यात बिघडले काय?

बिघडले ते येथे, की समुद्र एक असला तरी त्यातील वस्ती एक नाही. प्रत्येक किनाऱ्याचे, प्रत्येक खाडीचे जीवजगत वेगळे आहे. मधल्या खोल महासागराने, उष्ण व शीत प्रवाहांनी आणि खंडांच्या विस्ताराने ते एकमेकांपासून लक्षावधी वर्षे अलग राखले गेले आहे. बंदरातील पाण्याच्या एका बादलीत शेवाळाच्या सूक्ष्म पेशी, जीवाणू, खेकड्यांची, शिंपल्यांची व माशांची अंडी आणि पिल्ले असंख्य असतात. जहाजाच्या तळाशी पाणी आत घेण्याच्या तोंडावर जाळी असते. ती मोठा मासा अडविते, पण टाचणीच्या टोकाएवढ्या पिल्लाला काय अडविणार? टाकीतील अंधारात आणि गाळात यांतील बहुसंख्य जीव मरतात हे खरे. परंतु जे उरतात ते दुसऱ्या बंदरात सुखरूप उतरतात. शिवाय या व्यवहारात एक चमत्कारिक उलटेपणा आहे. जे बंदर मालाची निर्यात करते तेच पाण्याची आयात करते, कारण माल न्यावयास येणारे जहाज रिकामे, म्हणजेच पाण्याने भरलेले येते. गोव्यातील मार्मागोव्याहून लोहखनिज नेण्यास आलेल्या जहाजांनी, किंवा ऑस्ट्रेलियातून लाकडाचा चुरा नेण्यास आलेल्या जपानी जहाजांनी, त्या त्या किनाऱ्यावर दूरच्या बंदरांचे पाणी ओतले. त्याची पावती कोठेही फाडली गेली नाही.

पहिली खूण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या वर्षीच मिळाली होती. १९०३ मध्ये युरोपच्या उत्तर समुद्रात डायाटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची एक जात एकाएकी मोठ्या प्रमाणात आढळली. ही जात तोवर आशियाच्या समुद्रांतूनच ठाऊक होती. डेन्मार्कचा शास्त्रज्ञ कार्ल ओस्टेनफेल्ड याने १९०८ मध्ये तिच्या आगमनावर लेख लिहून ती जहाजामार्फत आली असली पाहिजे, असे अनुमान मांडले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९१२ साली, जर्मनीतील आलर नदीत चिनी खेकडा सापडला. नांग्यांवर लोकरीसारखे केस असलेला हा खेकडा पुढील वीस वर्षांत उत्तर जर्मनीच्या नद्यांतून पसरला, त्याने नदीकाठ पोखरले आणि कोळ्यांची जाळी फाडली. तोही जहाजांच्या टाक्यांतील पाण्यातूनच आला असावा, असे अभ्यासक मानू लागले. परंतु मानणे वेगळे आणि दाखवून देणे वेगळे. टाकीचे झाकण उघडून आत काय जिवंत आहे हे पाहण्याचे काम कित्येक दशके कोणी केले नाही. जहाजाचे पाणी हा विषय जहाज बांधणाऱ्यांचा आणि समुद्री जीवांचा विषय प्राणिशास्त्रज्ञांचा. या दोन शास्त्रांची भेट होण्याचा प्रसंगच येत नव्हता.

ती भेट १९७० नंतरच्या दशकात झाली. ऑस्ट्रेलियात आलेल्या एका जपानी मालवाहू जहाजाच्या टाकीतील पाणी काढून त्यातील जिवंत सागरी प्राण्यांची नोंद मेडकॉफ या शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर जेम्स कार्लटन या अमेरिकन संशोधकाने १९८५ मध्ये या साऱ्या विखुरलेल्या नोंदी एकत्र करून विषयाची पहिली भक्कम मांडणी केली. १९९३ मध्ये त्याने आणि जोनाथन गेलर याने अधिक मोठा पुरावा पुढे ठेवला. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील कूज बे या बंदरात जपानहून आलेल्या १५९ मालवाहू जहाजांच्या पाण्याचे नमुने त्यांनी तपासले होते, आणि त्यांत जीवांचे ३६७ निरनिराळे प्रकार ओळखता आले होते. एका लहानशा बंदराची ही कथा. जगातील हजारो जहाजे मिळून दरवर्षी काही अब्ज टन पाणी एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर नेतात, असा अंदाज केला जातो. ओस्टेनफेल्डच्या काळापेक्षा जहाजे आता मोठी झाली होती, त्यांचा वेग वाढल्याने प्रवासाचे दिवस घटले होते, आणि टाकीत कोंडलेल्या जीवाला जगण्याची संधी त्या प्रमाणात वाढली होती.

शास्त्रज्ञांची ही गणना चालू असतानाच तिचा अर्थ दोन दूरच्या जलाशयांतील लोकांना प्रत्यक्ष अनुभवावा लागला. पहिला काळा समुद्र. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर ‘निमिऑप्सिस’ नावाचा पारदर्शक, जेलीसारखा, मुठीत मावणारा प्राणी राहतो. दिसावयास निरुपद्रवी, पण सूक्ष्म प्लवक आणि माशांची अंडी व पिल्ले यांचा तो खादाड भक्षक आहे. एकच प्राणी नर व मादी दोन्ही असतो आणि अनुकूल काळात दिवसाला हजारो अंडी घालतो. १९८२ मध्ये तो काळ्या समुद्रात प्रथम दिसला. तेथे त्याला खाणारे कोणी नव्हते. १९८९ पर्यंत त्याने समुद्र अक्षरशः भरून टाकला. काळ्या समुद्राच्या काठी राहणाऱ्या कोळ्यांची उपजीविका मुख्यतः अँकोव्ही या लहान माशावर चालते; आपल्याकडील मांदेली ही त्याच कुळातील. एकट्या तुर्कस्तानची या माशाची पकड १९८८ मध्ये तीन लाख टनांच्या आसपास होती. दोनच वर्षांत ती चौथ्या हिश्श्याहूनही खाली आली. अतिरेकी मासेमारी आणि नद्यांतून येणारे खताचे पाणी यांनी तो समुद्र आधीच दुबळा केला होता, हे सांगितले पाहिजे. सारा दोष एका प्राण्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. परंतु दुबळ्या समुद्रावर शेवटचा घाव या पाहुण्याने घातला, याविषयी फारसा मतभेद नाही.

दुसरा जलाशय म्हणजे अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील महासरोवरे. सेंट लॉरेन्स नदीतून काढलेला जलमार्ग १९५९ मध्ये खुला झाल्यापासून समुद्रातील मोठी जहाजे खंडाच्या पोटापर्यंत जाऊ लागली होती. १९८८ च्या जूनमध्ये सेंट क्लेअर सरोवरात नमुने गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांना अंगावर पट्टे असलेला, बोटाच्या पेराएवढा एक शिंपला मिळाला. हा झेब्रा शिंपला मूळचा काळ्या व कास्पियन समुद्रांच्या खोऱ्यांतला. पीटर पल्लास याने १७७१ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले होते. तो कठीण पृष्ठभागाला चिवट धाग्यांनी चिकटतो, आणि एकावर एक असे थर चढवीत जातो. डिसेंबर १९८९ मध्ये मिशिगन राज्यातील मनरो या शहराचा पाणीपुरवठा बंद पडला. पाणी ओढणाऱ्या नळाचे तोंड शिंपल्यांनी आणि बर्फाने बुजविले होते. वीजकेंद्रांचे नळ, बोटींचे तळ, तरंगती निशाणे, एवढेच नव्हे तर सरोवरातील स्थानिक शिंपल्यांची कवचेसुद्धा या परक्या शिंपल्याने झाकून टाकली. १९९१ पर्यंत तो इलिनॉय नदीत पोचला होता, आणि तेथून मिसिसिपीचे सारे खोरे त्याला मोकळे होते.

या दोन घटना एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे त्यांचा खरा अर्थ ध्यानी येतो. अमेरिकेचा जीव काळ्या समुद्रात गेला आणि काळ्या समुद्राच्या खोऱ्यातील जीव अमेरिकेत आला. तोही एकाच दशकात. ही देवाणघेवाण कोणी ठरविलेली नव्हती. कोणा व्यापाऱ्याने त्यात नफा पाहिला नव्हता, कोणा राज्याने वैर साधले नव्हते. धान्य, खनिज आणि तेल यांची नित्याची वाहतूक चालू होती, आणि तिच्या पोटातून हा दुसरा अदृश्य व्यापार चालला होता. पहिल्या व्यापाराचा हिशेब दोन्ही तीरांवर पै-पैसह ठेवला जात होता. दुसऱ्याची खतावणीच नव्हती, आणि त्याची थकबाकी मात्र तुर्की कोळ्यांना आणि मनरोच्या नागरिकांना भरावी लागली.

मनुष्याच्या आरोग्याशीही या पाण्याचा संबंध असल्याचे त्याच काळात दिसून आले. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर १९८६ मध्ये शिंपल्यांच्या शेतीला कुलूप लावावे लागले. पाण्यातील एका विषारी सूक्ष्म शेवाळामुळे शिंपले खाणाऱ्याला अर्धांगासारखी विषबाधा होण्याचा धोका निर्माण झाला होता. गुस्ताफ हॅलेग्राफ आणि क्रिस्टोफर बोल्च या शास्त्रज्ञांनी जहाजांच्या टाक्यांच्या तळचा गाळ तपासला, तेव्हा अशा शेवाळाच्या सुप्त कोशिका त्यात सापडल्या. एकाच टाकीत त्यांची संख्या ३० कोटींच्या वर असावी, असे त्यांचे गणित होते. १९९१ मध्ये पेरूपासून सुरू झालेली पटकीची साथ दक्षिण अमेरिकेत फैलावली. त्यानंतर मेक्सिकोच्या आखातातील अमेरिकन बंदरांत आलेल्या काही जहाजांच्या बॅलास्टमध्ये त्याच साथीचा जंतू आढळला. ती साथ मुळात जहाजांनीच आणली, असे यावरून सिद्ध होत नाही. पण रोगाचा जंतू या मार्गाने प्रवास करू शकतो, एवढे निश्चित झाले. आणि बंदराच्या आरोग्याधिकाऱ्याला प्रवाशांची तपासणी करून आता स्वस्थ बसता येणार नव्हते.

एकदा आलेला असा जीव हाकलून देता येतो काय? या प्रश्नाचे उत्तर ऑस्ट्रेलियातील डार्विन बंदराने १९९९ मध्ये दिले. कॅरिबियन समुद्राकडचा काळ्या पट्ट्यांचा एक शिंपला तेथील नौकांच्या गोदीत सापडला. तो बॅलास्टमधून नव्हे तर एखाद्या नौकेच्या तळाला चिकटून आला असावा. त्या गोद्यांना पाणी अडविणारे दरवाजे होते. अधिकाऱ्यांनी ते बंद केले, आत क्लोरीनचे द्रव्य आणि मोरचूद ओतून सारे पाणी विषारी केले, आणि शिंपल्याचा निःपात झाला. समुद्री आक्रमकाच्या पूर्ण उच्चाटनाच्या ज्या थोड्या कथा सांगता येतात, त्यांतील ही एक आहे. परंतु ती घडली ती दरवाज्यामुळे आणि तत्काळ झालेल्या कृतीमुळे. खुल्या समुद्राला दरवाजा नसतो. काळ्या समुद्रात निमिऑप्सिसचा जोर पुढे ओसरला तो माणसाच्या उपायाने नव्हे. १९९७ मध्ये ‘बेरोई’ नावाचा त्याचा भक्षक तेथे येऊन पोचला, आणि तोही बहुधा जहाजाच्या पाण्यातूनच. कास्पियन समुद्राचे दैव तेवढे बलवत्तर नव्हते. १९९९ मध्ये निमिऑप्सिस तेथे सापडला, तेथील किलका माशाची पकड कोसळली, आणि सुटकेसाठी त्या काळी कोणी आले नाही.

म्हणजे जे काही करावयाचे ते पाणी टाकीत असतानाच करावयास हवे, हा निष्कर्ष अटळ होता. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या दोन पोळलेल्या देशांनी १९८८ पासून हा प्रश्न आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेपुढे नेला. १९९१ मध्ये संघटनेच्या समितीने पहिल्या मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांतील प्रमुख उपाय सोपा होता: बंदरात घेतलेले पाणी खोल समुद्रात सोडावे आणि तेथील पाणी भरून घ्यावे. किनाऱ्यावरचा जीव खोल समुद्रात तग धरीत नाही आणि खोल समुद्रातला किनाऱ्यावर रुजत नाही, हे त्यामागचे शास्त्र. परंतु या अदलाबदलीलाही मर्यादा होत्या. टाकीच्या तळचा गाळ तसाच राही. जवळच्या बंदरांमधील फेरीत खोल समुद्र लागतच नसे. आणि भर समुद्रात टाक्या रिकाम्या करणे म्हणजे जहाजाचा तोल काही काळ स्वतःच्या हाताने बिघडविणे. २००६ च्या जुलैत हजारो मोटारी घेऊन निघालेले ‘कूगर एस’ हे जहाज अलास्काजवळ अशीच अदलाबदल चालू असताना एका कुशीवर कलंडले. जहाज सुरक्षित राहावे म्हणून भरलेले पाणीच त्याच्या संकटाचे निमित्त झाले.

तेव्हा पाणी बदलण्याऐवजी ते शुद्ध करणे हा मार्ग उरला. १३ फेब्रुवारी २००४ रोजी लंडन येथे जहाजांच्या बॅलास्टविषयीचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. या करारातील एक कलम विधिशास्त्राच्या दृष्टीनेही नवलाचे आहे, कारण त्यात कायद्याने सूक्ष्म जीवांची मोजदाद केली आहे. समुद्रात सोडावयाच्या पाण्यात मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे किंवा त्याहून मोठे जगण्यायोग्य जीव प्रत्येक घनमीटरमागे १० पेक्षा कमी असले पाहिजेत. त्याहून लहान, पण मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचे, प्रत्येक मिलिलिटरमागे १० पेक्षा कमी. याशिवाय पटकीचा जंतू आणि मलमूत्राची साक्ष देणारे दोन प्रकारचे जीवाणू यांच्यावरही मर्यादा आहेत. किनाऱ्यालगतच्या साध्या पाण्यात पहिल्या वर्गातले जीव घनमीटरला हजारोंनी सापडतात, हे ध्यानात घेतले म्हणजे अट किती कडक आहे ते कळेल.

ही अट लिहिली गेली तेव्हा ती पुरी करणारे यंत्र बाजारात नव्हते. कायद्याने माप आधी ठरविले आणि अभियंत्यांना त्या मापाचे यंत्र करावयास सांगितले. जी यंत्रे पुढे निघाली ती मुख्यतः दोन कुळांतली आहेत. दोहोंतही पाणी बहुधा आधी बारीक गाळणीतून जाते. त्यानंतर पहिल्या कुळात त्यावर अतिनील किरणांचा मारा होतो. त्याने जीवाच्या पेशीतील आनुवंशिक द्रव्याची मोडतोड होते आणि त्याचा वंश खुंटतो. दुसऱ्या कुळात समुद्राच्या पाण्यातील मिठावरच वीज सोडून क्लोरीन तयार करतात, आणि बाहेर सोडण्यापूर्वी त्याचा दाह शमविणारे द्रव्य त्यात मिसळतात. कारण परक्या जीवाबरोबर बंदरातील माशांनाही विष देणे हा उपाय नव्हे. याखेरीज ओझोन वायू सोडून किंवा पाण्यातील प्राणवायू काढून घेऊन जीव मारण्याच्याही पद्धती आहेत. अतिनील किरणांनी एक तात्त्विक वादही उभा केला. किरण लागलेला जीव काही काळ हालचाल करतो, पण त्याला संतती होत नाही. त्याला मेलेला म्हणावे की जिवंत? आंतरराष्ट्रीय करार वंशवृद्धीची क्षमता पाहतो, तर अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१२ मध्ये केलेल्या नियमांत जीव प्रत्यक्ष जिवंत आहे की नाही हे पाहिले. एका शब्दाच्या अर्थावर जहाजमालकांची लक्षावधी डॉलरांची यंत्रे अडून राहिली.

या जागतिक प्रयत्नात भारताचाही आरंभापासून वाटा आहे. करार होण्यापूर्वीच, २००० मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने ‘ग्लोबॅलास्ट’ ही योजना सुरू झाली. तिच्यासाठी जगातील सहा बंदरे निवडण्यात आली: चीनचे दालियान, इराणचे खार्ग बेट, युक्रेनचे ओडेसा, दक्षिण आफ्रिकेचे साल्दान्या, ब्राझीलचे सेपेतिबा आणि भारताची मुंबई. नौवहन महासंचालनालयाच्या सूत्रांखाली मुंबई बंदर व पलीकडील जवाहरलाल नेहरू बंदर येथील जीवसृष्टीची पाहणी करण्याचे काम गोव्याच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केले. या पाहणीचे महत्त्व सहज ध्यानात येणारे नाही. गावात परका कोण आला हे ओळखावयाचे तर गावात आधीपासून कोण राहते याची नोंद हवी. शतकानुशतके जगभरची जहाजे ज्या बंदरात नांगर टाकीत आली तेथे मूळचे कोण आणि उपरे कोण, हे ठरविणे सोपे नाही. डार्विनला सापडलेला तो कॅरिबियन शिंपलाच पाहावा. १९६७ मध्ये तो विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला आणि पुढील दशकात मुंबईतही त्याची नोंद झाली. येथे त्याला कोंडणारे दरवाजे कोणी लावले नाहीत. तो येथलाच होऊन राहिला.

करार संमत होणे आणि तो अमलात येणे यांत तेरा वर्षांहून अधिक अंतर पडले. किमान ३० राष्ट्रांनी, आणि जगाच्या व्यापारी जहाजांच्या एकूण टनभारापैकी ३५ टक्के ज्यांच्याकडे आहेत अशा राष्ट्रांनी, त्याला मान्यता द्यावयाची होती. राष्ट्रांची संख्या केव्हाच पुरी झाली. टनभार पुरा होईना. अखेर ८ सप्टेंबर २०१६ रोजी फिनलंडने मान्यता दिली, आणि आकडा ३५.१४ टक्क्यांवर गेला. त्यानंतर बरोबर एका वर्षाने करार जारी झाला. जुन्या जहाजांना यंत्रे बसविण्यास मुदत देण्यात आली, आणि ८ सप्टेंबर २०२४ पासून ही शुद्धीची अट कराराखालील सर्व जहाजांना लागू झाली. सेंट क्लेअर सरोवरात तो पट्टेदार शिंपला सापडला त्याला तेव्हा छत्तीस वर्षे झाली होती.

एवढ्या विलंबाने आलेल्या या कायद्याचा उपयोग होईल काय, अशी शंका कोणी घेईल. तिला महासरोवरांचेच उदाहरण उत्तर देते. तेथे येणाऱ्या जहाजांनी रिकाम्या म्हणविल्या जाणाऱ्या टाक्याही भर समुद्रातील खाऱ्या पाण्याने धुतल्याच पाहिजेत, असा नियम कॅनडाने २००६ मध्ये आणि अमेरिकेने २००८ मध्ये केला. त्यानंतरच्या वर्षांत तेथे नव्या परक्या जाती आढळण्याचे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांनी घटले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. आधी आलेले शिंपले गेले नाहीत, ते जाणारही नाहीत. पण नवे येणे पुष्कळ अंशी थांबले. दुसऱ्या बाजूस, यंत्रांच्या अडचणीही संपलेल्या नाहीत. मुंबईच्या किंवा हुगळीच्या मुखाजवळील गढूळ पाण्यात गाळण्या बुजतात आणि अतिनील किरण दूरवर पोचत नाहीत. टाकीतले पाणी शुद्ध झाले तरी जहाजाच्या तळाला चिकटून येणारे जीव उरतातच. त्यांच्याविषयी २०११ मध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचना आहेत, परंतु सूचना म्हणजे कायदा नव्हे.

या साऱ्या इतिहासात खलनायक असा कोणी नाही. पामरने जे केले ते त्याच्या काळी शहाणपणाचेच होते, आणि आजही पाण्यावाचून जहाजाचा तोल सांभाळण्याचा याहून बरा उपाय सर्वसाधारण वापरात आलेला नाही. ओस्टेनफेल्डने खूण दाखविली होती. ती वाचणारे डोळे मात्र ऐंशी वर्षे दुसरीकडे होते. दगडाचा ढीग दिसत होता म्हणून त्यावरचे रोप मोजले गेले. पाणी पाण्यात मिसळून जात होते म्हणून कोणी मोजले नाही, आणि न मोजलेल्या वस्तूचा भार दूरच्या किनाऱ्यावरील कोळ्याने आपल्या रिकाम्या जाळ्यात उचलला. आज जहाज बंदरात शिरते तेव्हा त्याच्या कप्तानाजवळ मालाच्या कागदांबरोबर एक बॅलास्टची नोंदवहीही असते. पाणी कोठे घेतले, कोठे सोडले, त्यावर कोणती प्रक्रिया केली, हे तारखेसह तीत लिहावे लागते. त्या दुसऱ्या, अदृश्य व्यापाराची ही पहिली खतावणी होय. ती प्रामाणिकपणे लिहिली जाते की नाही, आणि बंदरातील अधिकारी ती उघडून पाहतो की नाही, यावर पुढच्या किनाऱ्यांचे भवितव्य अवलंबून आहे.